मांजराच्या लघवीत क्रिस्टल निघाले, आता पुढे?

हा लेख वाचण्याआधी उठून मांजराकडे एकदा नीट बघून या. विशेषतः बोका असेल तर. तो लघवी-शीच्या ट्रेमध्ये किंवा मोरीत पुन्हापुन्हा जाऊन बसतोय, कुंथतोय आणि खाली थेंबही पडत नाही असं दिसलं, तर वाचन इथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका.

बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे अगदी बारीक होत जाते. क्रिस्टल, सुजेमुळे सुटलेला चिकट स्राव आणि मेलेल्या पेशी यांचा मिळून एक बुचासारखा गोळा तिथे अडकतो. लघवी तुंबली की तिचा दाब मूत्रपिंडापर्यंत जातो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. पूर्ण तुंबलेला बोका एक ते दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत दगावू शकतो. मांजरीची नलिका आखूड आणि रुंद असते. ती सहसा तुंबत नाही, पण तीच लक्षणं दिसली तर तिलाही २४ तासांच्या आत दाखवावं.

यात सगळ्यात जास्त घात करणारी चूक एकच: लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. कुंथण्याची बैठक दोन्हींत सारखीच दिसते. मग एरंडेल पाजलं जातं, दही-भात चारला जातो, आणि दिवस वाया जातो. लघवी तुंबलेला बोका बहुधा ओरडतो, खालचा भाग सतत चाटतो, पोटाला हात लावू देत नाही, पुढे उलट्या करतो आणि कपाटाखाली जाऊन बसतो. मागच्या पायांच्या पुढे पोटात लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा हाताला लागतो. तो दाबून लघवी काढायला जाऊ नका, ताणलेलं मूत्राशय फुटतं. पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयब्युप्रोफेनही नको. आणि 'लघवी सुटायला चांगलं' म्हणून नारळपाणीही नको. त्यात भरपूर पोटॅशियम असतं आणि तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात नेमकं तेच आधीच वाढलेलं असतं.

मांजर ठणठणीत असताना करून ठेवायचं काम: जवळच्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करून विचारा, "बोक्याला कॅथेटर घालता का? रात्री डॉक्टर असतात का? मांजराला ॲडमिट करून सलाईन लावता का?" तालुक्याच्या गावी गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर असतात, पण मांजराचा बारीक कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, तिथे असेलच असं नाही. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय जुनं आणि सर्वांना माहीत असलेलं आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ पासून सुरू झालं आहे. तुमच्या गावातलं असं ठिकाण कोणतं, ते आजच फोनमध्ये टिपून ठेवा.

रिपोर्टमध्ये 'क्रिस्टल' म्हणजे नेमकं काय

मिठागरात पाणी आटत गेलं की मीठ धरतं. मूत्राशयात तेच होतं. लघवी जितकी दाट आणि जितका वेळ साठलेली, तितके तिच्यातले क्षार कणाकणाने बाहेर पडतात. हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे कण म्हणजे क्रिस्टल. ते एकमेकांना चिकटून वाढले की खडा. क्रिस्टल म्हणजे खडा नव्हे, आणि क्रिस्टल म्हणजे आजारही नव्हे. धडधाकट मांजराच्या लघवीतही थोडे क्रिस्टल सापडतात. लक्षणं नसतील, खडा नसेल आणि मांजर आधी कधी तुंबलेलं नसेल, तर नुसत्या रिपोर्टवरून औषधी खाद्य सुरू करायची बहुतेक वेळा गरज नसते.

त्यातून एक गफलत हमखास होते. नमुना घेतल्यावर तो तासन् तास पडून राहिला किंवा फ्रिजमध्ये गेला, तर थंडाव्याने त्यात नवे क्रिस्टल तयार होतात. मांजराच्या पोटात नसलेले क्रिस्टल बाटलीत जन्मतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी हे विचारा: नमुना कसा घेतला, आणि घेतल्यापासून किती वेळात तपासला? तासाभरात तपासलेला असेल तर विश्वास ठेवावा. सकाळी घरून दिलेला आणि संध्याकाळी लॅबमध्ये पोचलेला असेल तर ताजा नमुना पुन्हा द्यावा.

मग रिपोर्टमधल्या तीन ओळी बघा.

पहिली, क्रिस्टलचं नाव. मांजरांत बहुतांशी दोनच भेटतात, स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट. यांच्यातला फरक पुढे सविस्तर येतो, कारण सगळे उपचार त्यावर अवलंबून आहेत. युरेट क्वचित दिसतात. ते दिसले तर डॉक्टर यकृताची, विशेषतः यकृताला वळसा घालून जाणाऱ्या जन्मजात रक्तवाहिनीची शंका घेतात.

दुसरी, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा. आमच्या मते रिपोर्टमधला सगळ्यात कामाचा आकडा हाच, आणि मालक सगळ्यात कमी बघतात तोही हाच. फक्त कोरडं खाद्य खाणाऱ्या मांजराचा आकडा १.०५० च्या आसपास किंवा वरही असतो. खडे टाळायचे तर तो १.०३० च्या खाली आणायचा असतो. हा आकडा रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणावर मोजलेला हवा. रंगीत पट्टीवरचा मांजरांत भरवशाचा नसतो. पट्टीवरच्या पांढऱ्या पेशींच्या खणाचंही तेच.

तिसरी, पीएच, म्हणजे लघवी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा. सातच्या वर गेलेली लघवी अल्कधर्मी. हा आकडा एकटा वाचू नये. जेवणानंतर काही तास लघवी आपोआप अल्कधर्मी होते, आणि दवाखान्यात घाबरून धापा टाकणाऱ्या मांजराचा पीएचही चढतो. एका पीएचवरून खाद्य बदलणं म्हणजे एका दिवसाच्या उकाड्यावरून पावसाचा अंदाज बांधणं.

नमुना घरी घ्यायचा तर

जंतू वाढवून बघायचे असतील, म्हणजे कल्चर करायचं असेल, तर नमुना डॉक्टरांनीच पोटातून बारीक सुईने घ्यायला हवा. ऐकायला भयानक वाटतं, पण मांजरं ते रक्त काढण्यापेक्षा शांतपणे सहन करतात. नुसती तपासणी करायची असेल तर घरचा नमुना चालतो.

ट्रे साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून पूर्ण वाळवा. त्यात नेहमीच्या लिटरऐवजी, म्हणजे ट्रेमध्ये पसरायच्या विकतच्या दाण्यांऐवजी, फिशटँकमधली बारीक खडी धुऊन-वाळवून पातळ थरात टाका, किंवा ट्रे रिकामाच ठेवा. काही मांजरांना रिकामा ट्रे चालतो. मोरीत जाणारं मांजर असेल तर जाळीवर स्वच्छ प्लास्टिक अंथरलं की झालं. बिनसुईच्या सिरिंजने ५ मिली लघवी ओढून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत भरा, वर वेळ लिहा आणि तासाभरात पोचवा.

स्ट्रुव्हाइट की ऑक्झलेट

स्ट्रुव्हाइट हे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचं मिश्र स्फटिक. सूक्ष्मदर्शकाखाली शवपेटीच्या झाकणासारखं दिसतं. ते अल्कधर्मी लघवीत धरतं. कुत्र्यांत स्ट्रुव्हाइटमागे बहुधा जंतूसंसर्ग असतो, मांजरांत तो बहुतेक वेळा नसतो. म्हणून कुत्र्याच्या अनुभवावरून मांजराला अँटिबायोटिक सुरू करणं चूक. स्ट्रुव्हाइटची चांगली बाजू अशी, की ते योग्य खाद्याने विरघळतं. खडासुद्धा विरघळतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या अंतर्गतवैद्यक शाखेने २०१६ मध्ये खड्यांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही स्ट्रुव्हाइटच्या खड्याला सुरीऐवजी आधी खाद्याने विरघळवावं असंच सांगितलं आहे. अपवाद म्हणजे मूत्रमार्ग तुंबलेला असणं, किंवा मांजराला ते खाद्य न चालणं.

कॅल्शियम ऑक्झलेट पाकिटाच्या पाठीसारखं, चौकोनात फुली मारल्यासारखं दिसतं. ते आम्लधर्मी किंवा मध्यम लघवीत धरतं. मध्यमवयीन आणि वयस्क मांजरांत जास्त, पर्शियन, हिमालयन आणि बर्मीज जातींत आणखी जास्त. हे कोणत्याही खाद्याने, औषधाने, काढ्याने विरघळत नाही. लहान खडा असेल तर भूल देऊन, मूत्राशयात पाणी भरून बाहेर ढकलता येतो. मोठा असेल तर शस्त्रक्रिया. आणि रक्तातलं कॅल्शियम तपासलंच पाहिजे, कारण काही मांजरांत मूळ दुखणं तिथे असतं.

या दोघांत एक खोडी आहे. १९८० च्या दशकात मांजरांत मुख्यतः स्ट्रुव्हाइटचेच खडे सापडत. त्यावर उपाय म्हणून कंपन्यांनी खाद्यातलं मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्ल होईल अशी घडण केली. स्ट्रुव्हाइट घटलं खरं, पण ऑक्झलेटचं प्रमाण वाढत गेलं. तेव्हा 'लघवी जितकी आम्ल तितकी चांगली' हे समीकरण डोक्यातून काढा. दोन्हींना एकदम लागू पडणारा उपाय एकच आहे: लघवी पातळ करणं.

खडा आहे की नाही, हे लघवीच्या रिपोर्टवरून कळत नाही. त्यासाठी एक्स-रे हवा, आणि जोडीला सोनोग्राफी. स्ट्रुव्हाइट आणि ऑक्झलेट दोन्ही एक्स-रेवर पांढरे दिसतात, युरेट बरेचदा दिसत नाहीत. एक्स-रे काढताना मागच्या पायांपर्यंतचा पूर्ण भाग घ्यायला सांगा, नाहीतर मूत्रनलिकेत अडकलेला खडा चौकटीबाहेर राहतो.

आणि एक शक्यता, जी खरं तर सगळ्यात मोठी आहे. दहा वर्षांखालच्या मांजरांत लघवीला त्रास होतो तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा ना खडा सापडतो ना जंतू. मूत्राशयाला ताणामुळे सूज येते. लघवीत रक्त येतं, मांजर दहा वेळा ट्रेमध्ये जातं, आणि पाच-सात दिवसांत आपोआप बरं होतं. अशा मांजराच्या लघवीत चार क्रिस्टल सापडले तर ते निव्वळ तिथे हजर होते म्हणून पकडले जातात. सूज आपोआप ओसरते म्हणूनच त्या आठवड्यात जे काही दिलं, मग ते जवाचं पाणी असो की मुतखड्याची गोळी, त्याला गुण आल्यासारखा वाटतो.

औषधी खाद्य: कोणतं, किती, किती दिवस

डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय हे खाद्य घेऊ नका. बाजारात दोन तऱ्हा आहेत. एक, पाकिटावर नुसतं 'युरिनरी केअर' लिहिलेलं साधं खाद्य. ते खडा विरघळवत नाही. दुसरं, खरं औषधी खाद्य. भारतात रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, हिल्सचं सी/डी, फार्मिनाचं व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट ही नावं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसतात. यांत मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून घातलेलं असतं, लघवीचा पीएच ६ ते ६.५ च्या दरम्यान राहील असं बघितलेलं असतं, आणि काहींत मांजराने जास्त पाणी प्यावं म्हणून मीठ थोडं वाढवलेलं असतं. याच कारणाने मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या मांजराला, गाभण किंवा पाजणाऱ्या मांजरीला आणि पिल्लांना ते आपल्या मनाने सुरू करू नये.

सुरुवात हळू करा. दोन दिवस पाव भाग नवं आणि पाऊण भाग जुनं, पुढचे दोन दिवस निम्मं-निम्मं, मग दोन दिवस पाऊण भाग नवं, सातव्या दिवशी पूर्ण. मांजर तोंड लावत नसेल तर ओल्या खाद्याचं पाऊच कोमट करा. फ्रिजमधलं थंडगार खाद्य बहुतेक मांजरं नाकारतात, कारण त्याला वास येत नाही. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट कुत्र्याशी चालतो, मांजराशी नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते खड्याहून मोठं संकट ठरतं. २४ तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाद्य परत द्या आणि डॉक्टरांशी बोला.

प्रमाणाचा अंदाज असा. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी पुरतात. कोरड्या खाद्याचे ते सुमारे ५० ग्रॅम. ८५ ग्रॅमचे पाऊच घेतले तर अडीच ते तीन. नेमका आकडा पाकिटावर बघा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. वाटीने मोजलेलं कोरडं खाद्य रोज थोडं-थोडं जास्तच पडतं, आणि वजन वाढणं हे स्वतःच या दुखण्याचं एक कारण आहे.

विरघळवण्याचा काळ सुरू असताना दुसरं काहीही द्यायचं नाही. आजीने ताटातून दिलेली बांगड्याची शेपटी, शेजारच्यांनी टाकलेली सुकट, मुलांनी दिलेली ट्रीट, सगळं बंद. सुकवलेले मासे तर मीठ आणि खनिजांचा गठ्ठाच. किनारपट्टीवरच्या घरांत मांजराला बोंबील-सुकटीची सवय असते. औषधी खाद्य देऊनही खडा तसाच राहिला की घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारून बघा, उत्तर बहुधा तिथेच मिळतं. दूधही नको.

साधा, जंतूविरहित स्ट्रुव्हाइट खडा बहुतेक मांजरांत दोन ते चार आठवड्यांत विरघळतो. जंतूसंसर्ग असेल तर जास्त वेळ लागतो आणि त्या काळात अँटिबायोटिकही चालू ठेवावं लागतं. चौथ्या आठवड्याला पुन्हा एक्स-रे काढा. खडा लहान झाला असेल तर पुढे चालू ठेवा. दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे तेच खाद्य द्या, कारण एक्स-रेवर न दिसणारे बारीक कण उरलेले असतात. पाच-सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर बहुधा दोनच अर्थ: मांजर चोरून दुसरं काही खातंय, किंवा तो खडा ऑक्झलेटचा आहे.

घरी शिजवलेलं चिकन-भात किंवा नुसतं उकडलेलं चिकन कायम देऊ नका. त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित पार बिघडलेलं असतं. घरचंच द्यायचं असेल तर आहारतज्ज्ञ पशुवैद्यकाकडून ग्रॅममध्ये लिहिलेली पाककृती घ्या.

पाणी

मांजराला दिवसाला किलोमागे सुमारे ५० मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून. ४ किलोच्या मांजराला २०० मिली. आता हिशेब बघा. ५० ग्रॅम कोरड्या खाद्यातून जेमतेम ४-५ मिली पाणी जातं. उरलेलं १९५ मिली त्याने वाटीतून प्यावं अशी अपेक्षा असते, आणि ते पीत नाही. मांजराची तहान मुळातच कमी, त्याचे पूर्वज कोरड्या मुलखातले. याउलट तीन पाऊचमध्ये २०० मिलीच्या आसपास पाणी असतं. फक्त पाऊच खाणारं मांजर वाटीकडे ढुंकूनही बघत नाही आणि तरी त्याची लघवी पातळ असते.

तीन पाऊच रोज खिशाला परवडत नाहीत, हे आम्हाला कळतं. मधला रस्ता असा: दिवसाला २५ ग्रॅम कोरडं आणि दीड पाऊच, तीन वेळांत वाटून. दर वेळी पाऊचमध्ये कोमट पाणी मिसळा. पहिल्या दिवशी एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली. दर दोन-तीन दिवसांनी आणखी एक चमचा. पंधरा-वीस दिवसांत ३० मिलीपर्यंत पोचता येतं. एकदम सूप करून ठेवलं तर मांजर पाठ फिरवतं. दीड पाऊचमधलं सुमारे १०० मिली आणि वरून घातलेलं ९० मिली मिळून गरज जवळपास भागते. कोरडं खाद्य भिजवूनही देता येतं, मात्र उन्हाळ्यात भिजवलेलं किंवा उघडलेलं खाद्य अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

चिकन उकडलेलं पाणी पुष्कळ मांजरं आवडीने पितात. त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तेव्हा घरच्या रश्श्यातलं वरचं पाणी नव्हे, वेगळं उकडलेलं. गाळून, वरची चरबी काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. रोज एक-दोन तुकडे पुरे. खडा विरघळवण्याच्या आठवड्यांत हेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

वाट्यांबाबत: मिशा कडेला लागणार नाहीत अशी पसरट वाटी, स्टीलची किंवा चिनीमातीची. घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून आणि ट्रेपासून लांब. पाणी रोज बदला. काही मांजरांना वाहतं पाणीच आवडतं, त्यांच्यासाठी कारंज्याचं यंत्र घ्यायला हरकत नाही, पण आधी महिनाभर साध्या वाट्या वाढवून बघा. पाणी आरओचं की नळाचं, यावर लोक फार डोकं खपवतात. किती पितं हे त्याहून महत्त्वाचं.

ट्रे आणि घरातला ताण

मांजर लघवी धरून ठेवतं तेव्हा ती दाट होत जाते. ते धरून ठेवतं ते ट्रे आवडत नाही म्हणून. नियम: मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. वन-बीएचकेत तीन ट्रे ठेवणं जड जातं, पण दोन मांजरांना एकच ट्रे तरी नको. ट्रेची लांबी मांजराच्या दीडपट, लिटर दोन इंच, दिवसातून दोनदा साफ. वॉशिंग मशीनच्या बाजूला ट्रे ठेवू नका. एकदा मशीन गरगरलं की मांजर तो कोपरा टाकतं.

गोळा होणारं लिटर वापरा. त्याचे गोळे म्हणजे फुकटची तपासणी. निरोगी मांजराचे दिवसाला दोन ते चार गोळे निघतात, लिंबाएवढे. पाणी वाढवल्यावर गोळे मोठे झाले तर तुमचं चाललंय ते बरोबर चाललंय. गोट्यांएवढे सात-आठ गोळे दिसले तर दवाखान्यात फोन करा. आणि सकाळी ट्रे कोरडा असेल तर फोन नव्हे, सरळ बोक्याला उचलून न्या. वाळू किंवा रद्दी पेपर वापरणाऱ्यांना हे मोजता येत नाही, म्हणून निदान पहिले तीन महिने तरी लिटरचा खर्च करावा.

नवं मांजर, नवं बाळ, घरात रंगकाम, गणपतीत दहा दिवस भरलेलं घर, दिवाळीचे फटाके, यानंतरच्या आठवड्यात त्रास उलटतो. अशा वेळी एक खोली मांजरासाठी बंद ठेवा, आत ट्रे, पाणी, आणि उंचावर बसायला जागा. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं दोरीने खेळवा. यात लाड नाहीत, हा उपचारच आहे.

जे करू नये

औषधी खाद्य चालू असताना वेगळं आम्ल करणारं औषध, मिथिओनिन किंवा व्हिटॅमिन सी देऊ नका. दोन्ही मिळून रक्तच आम्ल होतं, आणि व्हिटॅमिन सीचं शरीरात ऑक्झलेट बनतं. लिंबू-व्हिनेगरचंही तेच. माणसांच्या मुतखड्याच्या सायरपात साखर, अल्कोहोल किंवा लघवी अल्कधर्मी करणारे क्षार असतात, ते स्ट्रुव्हाइटला उलट खतपाणी घालतात. प्रत्येक वेळी लघवीत रक्त दिसलं की उरलेली अँटिबायोटिक गोळी देणं हाही असाच प्रकार. तरुण मांजरांत खरा जंतूसंसर्ग क्वचित असतो. तो दहा वर्षांपुढच्या, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्या मांजरांत जास्त दिसतो आणि तिथेही आधी कल्चर, मग औषध.

कॅथेटर काढून बोका घरी आल्यावर

तुंबलेल्या बोक्याला दवाखान्यात आधी सलाईन आणि पोटॅशियमवरचे उपचार मिळतात, मग भूल देऊन कॅथेटर. तो साधारण एक ते तीन दिवस ठेवतात. अडथळा सुटल्यावर काही बोके धबधब्यासारखी लघवी करतात आणि त्यातून पाणी-क्षार निघून जातात. म्हणूनच 'सुटला ना, आता घरी नेतो' अशी घाई करू नये. डॉक्टर एक दिवस जास्त ठेवा म्हणाले तर ठेवा.

घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा सगळ्यात नाजूक, पुन्हा तुंबतो तो बहुधा याच काळात. त्याला वेगळ्या खोलीत, स्वतःच्या ट्रेसह ठेवा, म्हणजे गोळे कोणाचे हा प्रश्न उरत नाही. दर वेळचा गोळा वहीत लिहा: वेळ, आकार, रक्त आहे का. पहिले दोन दिवस लघवी गुलाबी आणि थोडी-थोडी होणं अपेक्षित असतं. बारा तास काहीच नाही, हे अपेक्षित नाही. दुखणं कमी करणारं औषध सांगितलेल्या वेळी द्या. दुखलं की तो लघवी धरतो. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा शंकू काढू नका.

पुढची भेट सात ते दहा दिवसांनी, लघवीच्या ताज्या नमुन्यासह. मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी, आणि सगळं ठीक असेल तर सहा महिन्यांनी एकदा. ऑक्झलेटचा खडा काढलेल्या मांजराचा दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढावा, म्हणजे नवा खडा धरला तरी लहान असतानाच सापडतो आणि पोट न कापता काढता येतो.

खाद्य आणि पाणी सांभाळूनही वारंवार तुंबणाऱ्या बोक्यासाठी नलिकेचा अरुंद भाग काढून मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रिया असते. तिने तुंबणं बहुतेक थांबतं. क्रिस्टल मात्र थांबत नाहीत, आणि रुंद मार्गातून जंतू वर चढण्याचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही तेच खाद्य, पाऊचमध्ये तेवढंच पाणी, आणि वर्षातून दोनदा कल्चर.